लाल फळीच्या अलीकडे

"पायाची बोटं जागेवर आहेत की गळून पडली, तेही कळेनासं झालंय," म्हातारा गुलिक पुटपुटला. "आणि हे कुणासाठी? तर जिची उडी मोजायचीच नाही तिच्यासाठी."

हे तो कुणाला उद्देशून म्हणाला नव्हता. मफलरमध्ये नाक खुपसून, समोरच्या बर्फालाच ऐकवल्यासारखं बोलला होता. पण गप्पांसाठी तो सरकत सरकत आस्लाकच्या अगदी जवळ आला होता, वारा पार पडलेला होता, आणि आस्लाकचे कान अशा वेळी जरा जास्तच तिखट असत.

"मग जा ना खाली शेकोटीपाशी," आस्लाक म्हणाला. "कुणी बांधून ठेवलंय का तुम्हाला?"

"वा! तुझ्या बायकोची उडी चुकवून शेकोटीला बसू? तुझी बहीण मला जन्मात कॉफी देणार नाही."

पायांना लांब स्की बांधून मारलेल्या उड्या मोजायला स्कार्वच्या टेकडीवर मोजणीदार असेच उतरणीच्या कडेनं, एकाखाली एक उभे राहत. ज्यानं त्यानं आपापला दोन-तीन मीटरांचा तुकडा सांभाळायचा. उडी मारणारा आपल्या तुकड्यात टेकला, की नजर त्याच्या पायांवर ठेवायची, हात वर करायचा आणि आकडा ओरडायचा. काम एवढंच. पण स्कार्वच्या क्लबात त्यातही एक मानाची जागा होती. टेकडीवरचा विक्रम ज्याच्या नावावर, तो उड्या मारायचा थांबला की आपल्याच खुणेपाशी मोजणीदार म्हणून उभा राही. विक्रम मोडला की मुकाट्यानं तिथून निघायचं. आस्लाक तिथे दहा वर्षं उभा होता. लाल रंगाची फळी, तिच्यावर त्याच्या त्रेपन्न मीटरांचा आकडा, आणि फळीशेजारी आस्लाक. लोक म्हणत, फळीला दरवर्षी रंग द्यावा लागतो, आस्लाकला लागत नाही. बायको उडी मारायला निघाली की तो आपला आपणच लाल होतो.

त्याच्या तोंडावर मात्र असं कुणी म्हणत नसे.

लग्न झालं तेव्हा दाग्नी ही आस्लाकची बायको होती. आता आस्लाक दाग्नीचा नवरा होता. हा बदल एका दिवसात झाला नव्हता, म्हणून तर पचायला जड होता. एका दिवसात झाला असता तर निदान त्या दिवसाला शिव्या घालता आल्या असत्या.

दाग्नीनं सुरुवात केली ती बापाच्या गोठ्याच्या छपरावरून, पिंपाच्या फळ्या पायांना बांधून. पुढे टेकडीवर आली ती घागऱ्याला पिना लावून, आणि मग एक दिवस सरळ भावाची विजार घालून. त्या रविवारी पाद्रीबाई चर्चमधून निघाल्या त्या टेकडीला वळसा घालून घरी गेल्या. क्लबानं ठराव केला की बायकांना स्पर्धेत घेता येणार नाही. पण स्पर्धेआधी टेकडी कशी आहे, बर्फ धरतोय की सोडतोय, हे बघायला कुणीतरी एक चाचणीची उडी मारावीच लागते. ती ही मारते म्हणत असेल तर मारू दे, पडली तर आपोआप अक्कल येईल, असं ठरलं. ती पडली नाही. मग लोक चाचणीची उडी बघायला लवकर येऊ लागले. मग शेजारच्या खोऱ्यातून बोलावणं आलं, मग राजधानीतून, मग स्वीडनमधून, जर्मनीतून. कुठेही नवी टेकडी बांधली की पहिली उडी दाग्नीची. जाहिरातीत नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात, छातीवर मात्र नंबर नाही. गुण नाहीत, माप नाही. पुरुषांना चषक मिळत, तिला केक कापायची चांदीची सुरी. घरात अशा सुऱ्यांनी खण भरला होता आणि केक व्हायचा फक्त नाताळात. एका डॉक्टरनं पेपरात लिहिलं, की आपटण्यानं बाईच्या पोटातले अवयव जागचे हलतात. दाग्नीनं ते कात्रण नीट घडी घालून उजव्या बुटात तळव्याखाली घातलं. म्हणाली, बूट सैलच होत होता.

आस्लाकला हेवा वाटायचा. नेमका कशाचा, ते त्याला सांगता आलं नसतं, कारण तो सगळ्याचाच वाटायचा. पोरं तिचे फोटो शाळेच्या पिशवीत ठेवत त्याचा. परदेशातून आलेल्या एका पाकिटावर "श्रीयुत दाग्नी" लिहिलं होतं, आणि पोस्टमननं ते हसू दाबत त्याच्याच हातात दिलं त्याचा. उडीच्या आदल्या रात्री ती दगडासारखी झोपायची आणि हा छताकडे बघत पडायचा, त्या झोपेचासुद्धा. इतकंच काय, तिच्या जखमांचासुद्धा. तिच्या खांद्याला मुका मार लागला तर पेपरात यायचं. याचा गुडघा कायमचा गेला तेव्हा बेकरीत चर्चा झाली, तीही पाव संपेपर्यंत.

आणि हाच आस्लाक तिचे हातमोजे आपल्या कोटाच्या आत, पोटाशी धरून गरम करायचा. तिच्या स्कींना मेण तोच लावायचा, आणि ते त्यानं कधी एका बोटानंही कमी लावलं नाही. हेव्यातसुद्धा माणसाची काही इभ्रत असते.

त्याचा आधार एकच, ती लाल फळी. बाहेर दाग्नी पुरुषांच्या पुढे जाते म्हणे. जाऊ दे. बाहेरच्या टेकड्या मोठ्या, बाहेरचा वारा वेगळा. पण स्कार्ववर? स्कार्ववर ती कधीही फळीच्या पुढे गेली नव्हती. चाचणीची उडी मोजत कुणी नसे, पण आस्लाकचे डोळे मोजायचे थोडेच थांबत? पन्नास. एक्कावन्न. एकदा पुरते बावन्न. बेकरीत उभा राहून तो समजूतदारपणे सांगायचा, "घरच्या टेकडीवर बिचारीचं अवसान गळतं. होतं असं." आणि लोक म्हणायचे, "हो, होत असेल," आणि पावाकडे बघायचे.

आज मात्र अमेरिकेहून आलेला हेगदाल नावाचा माणूस बघायला बसला होता. तो मूळचा पलीकडच्याच खोऱ्यातला. लहानपणी गेला, आता तिकडे हिवाळ्यात उड्यांचे मोठमोठे कार्यक्रम भरवायचा. परवा तो घरी येऊन गेला. पुढच्या हिवाळ्यात दाग्नीला न्यायचं त्याच्या मनात होतं. दाग्नीनं ना जहाजाचं विचारलं, ना राहण्या-खाण्याचं. एकच विचारलं.

"तिकडे मोजतात?"

"प्रत्येक उडी," हेगदाल म्हणाला. "बाईची असो, पुरुषाची असो. आकडा फळ्यावर, सगळ्यांसमोर. पण ऐकीव गोष्टींवर मी तिकीट काढत नाही, बाई. रविवारी तुमच्या टेकडीवर बघतो. पुरुषांच्या पुढे गेलात तर तिथेच बोलून टाकू."

तो गेल्यावर दाग्नी भांडी घासायला लागली आणि घासता घासता गुणगुणायला लागली. आस्लाक टेबलाशी बसून ते ऐकत होता. इतक्या वर्षांत, इतक्या टाळ्या ऐकून आल्यावरही, ती कधी गुणगुणली नव्हती.

वरून शिंग वाजलं.

दाग्नी घसरणीवरून आली. काळी विजार, पिवळी टोपी. घसरण जिथे तुटते त्या टोकावरून हवेत सुटली आणि कमरेत वाकून स्कींच्या शेंड्यांवर झुकली, हात पाणचक्कीसारखे फिरत होते. खालून बघणाऱ्याला स्कींचे तळ दिसतात. त्या तळांकडे बघून जुन्या मोजणीदाराला कळतं, हवा अजून धरून ठेवणार आहे की सोडणार. या तळांखाली हवा भरपूर होती. गुलिकच्या डोक्यावरून जाऊन, आस्लाकला ओलांडून, खाली पार सपाटीच्या वळणापर्यंत नेईल एवढी होती.

मग ती हवेतच उठली; असं उठलं की हवा सुटते. कुणी नाव घेऊन हाक मारावी तशी. कंबर सरळ, छाती वर, हात बाजूला. आणि आली खाली, एक गुडघा वाकवून, बर्फाला जराही न दुखवता. लाल फळीच्या थोडी अलीकडे.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

एरवी आस्लाक बर्फावरच्या तिच्या खुणेकडे बराच वेळ बघत राही. आज त्याला हेगदालचा चेहरा बघायचा होता, म्हणून त्यानं लगेच मान वर केली. आणि त्याला दिसलं की एकही मोजणीदार दाग्नीकडे बघत नाहीये. वरचे, खालचे, पलीकडच्या कडेचे, सगळे त्याच्याकडे बघत होते. उडी मारली दाग्नीनं आणि नजरा याच्यावर. तो बघतोय म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकदम फिरल्या. गुलिक वाकून बुटाची नाडी तपासू लागला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, पट्टे होते.

"काय झालं?" आस्लाकनं विचारलं.

"कुठे काय झालं?"

"तिच्याखाली हवा होती ना अजून?"

"हवा ना," गुलिक म्हणाला, "हवा आज फार थंड आहे बाबा."

पहिली फेरी झाली. तरुण पोरं एकामागून एक येऊन गेली. फळीपर्यंत कुणी पोचलं नाही. आस्लाकला हात वर करावा लागला नाही. दुसऱ्या फेरीआधी पुन्हा चाचणीची उडी व्हायची होती, आणि मध्ये कॉफीची सुटी. तो लंगडत खाली उतरला.

टोराच्या टेबलाशी गर्दी होती. टोरा त्याची मोठी बहीण. क्लबाची कॉफी आणि वॅफल तिच्याकडे. त्यामुळे कुणाचं कुणाशी काय बिनसलंय तेही तिच्याकडेच. आस्लाक पेला घेऊन टेबलाच्या मागच्या बाजूला उभा राहिला. पुढच्या बाजूला, पाठ करून, हेगदाल क्लबाच्या अध्यक्षाशी बोलत होता. अध्यक्ष म्हणजे आपला बेकरीवाला स्तेनर.

"चांगली आहे, नाही कोण म्हणतंय," हेगदाल म्हणत होता. "देखणी उडी. पण मला सांगितलं होतं की ही बाई पुरुषांच्या पुढे जाते. ही तर जिथे सगळे उतरतात तिथेच उतरली. चालायचंच. घरच्या पोरीचं कौतुक माणसं जरा फुगवूनच सांगतात."

"नाही, फुगवून नाही," स्तेनर गडबडला. "ती बाहेर... म्हणजे इथेसुद्धा... त्याचं असं आहे हेगदालसाहेब, की इथे..." तेवढ्यात त्याची नजर टेबलापलीकडे आस्लाकवर पडली. "इथे वारा जरा चमत्कारिक आहे," त्यानं वाक्य संपवलं.

"आज वारा कुठाय?"

"तेच तर चमत्कारिक," स्तेनर म्हणाला आणि वॅफलचा मोठा घास घेतला.

"दुसरी उडी बघतो. न बघता जाणं बरं दिसत नाही. मग माझी गाडी आहे," हेगदाल म्हणाला.

आस्लाकच्या छातीत काहीतरी गोड उतरलं. त्याला आधी वाटलं कॉफीच. मग कळलं की तो आनंद आहे. नाही जात. ही कुठेही जात नाही. पुढच्या हिवाळ्यात ती इथेच, मी इथेच, फळी इथेच. तिकडे कुणी आकडा लिहिणार नाही, आणि त्या आकड्याशेजारी माझा आकडा कुणी ठेवून बघणार नाही. त्याच्या ओठांचे कोपरे वर जायला लागले. त्यानं पेला तोंडाला लावला, पण उशीर झाला होता.

"हसतोस?" टोरा म्हणाली.

"छे. कॉफी गरम आहे."

"कोमट आहे. मीच केलीय."

टोरानं साच्यात पीठ ओतलं, झाकण दाबलं. तिचं झाकण दाबणं आज जरा जोरात होतं.

"टोरा, एक विचारू? ती स्कार्ववर अशी आधीच का उठते?"

"मला काय विचारतोस? मी वॅफल भाजते."

"दर वर्षी बघतेस ना इथून."

"उडी कोण बघतं?" टोरा फाडकन बोलून गेली. "आम्ही तुलाच बघतो. आज तरी..." आणि ती थांबली. साच्यातून करपल्याचा वास यायला लागला. "झालं! तुझ्यामुळे जळलं. घे, हे तूच खा. वर चीज घालून देते, कळणार नाही."

"आज तरी काय?"

"आज तरी टोपी कानांवर ओढून घे, असं म्हणत होते. पुढे कोण आहे? पेला आणा."

आस्लाक करपलेलं वॅफल हातात धरून बाजूला झाला. वरचं तपकिरी चीज गरमीनं मऊ होऊन बोटांना चिकटत होतं.

त्याला चार वर्षांमागचा हिवाळा आठवला. त्या वर्षी त्याला गालगुंड झालं होतं आणि स्पर्धेच्या दिवशी तो घरी पडून होता, तोंडाभोवती फडकं बांधून. तेवढी एकच स्पर्धा फळीपाशी कुणी नव्हतं. संध्याकाळी लोक भेटायला आले. त्यानं प्रत्येकाला विचारलं होतं, दाग्नी कुठवर आली? गुलिक म्हणाला, सूप घे. स्तेनर म्हणाला, सूप छान झालंय. टोरा म्हणाली, सूप मी केलंय. आणि दाग्नी उशाशी बसून त्याला चमच्यानं ते सूप भरवत होती. तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. तेव्हा त्याला वाटलं होतं, पडली असेल बिचारी. तेव्हाही त्याला जरा बरंच वाटलं होतं.

टोकावरून सुटल्यावर काय दिसतं, ते त्याला माहीत नव्हतं थोडंच? सगळी उतरण एकदम पायाखाली उघडते. पांढऱ्यावर काळे कोट, ओळीनं. चेहरे नाही कळत, पण कोण कुठे उभं आहे ते कळतं. आणि लाल रंग तर डोळ्यात घुसतोच. त्या लाल फळीशेजारी एक माणूस, दहा वर्षं, जागचा न हलता. कुंपणाच्या खांबासारखा.

त्यानं वॅफल खिशात कोंबलं आणि टेकडीच्या पायऱ्यांकडे वळला.

गुडघ्यानं पहिल्याच वळणावर नाही म्हटलं. तो कठडा धरून चढत राहिला. दुसऱ्या फेरीसाठी वर निघालेली पोरं खांद्यावर स्की घेऊन त्याला ओलांडून जात होती.

"अहो आस्लाक, स्की विसरलात!" एक जण हसला.

"तुझ्या घेतो," आस्लाक म्हणाला, "तू तरी कुठे वापरतोस?"

पोरं खिदळली. पण तो थांबत नाही, वरच चाललाय, हे बघून ती बाजूला सरून वाट देऊ लागली. मनोऱ्यातल्या पंचांनी खिडकीतून डोकी बाहेर काढली. खाली फळीशेजारची जागा रिकामी होती, आणि गुलिक मान वर करून शोधत होता.

वरच्या फळकुटांच्या ओट्यावर दाग्नी एकटीच बसली होती. स्की पायांत बांधलेल्या, हातमोजे मांडीवर. तो दिसला तशी तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं? टोराला काही झालं?"

"टोराला काय होतंय? वॅफल जाळतेय."

"मग तू इथे का? आणि त्या गुडघ्यानं?"

आस्लाकला धाप लागली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसायला गेला, गुडघ्यानं बसू दिलं नाही, म्हणून कठड्याला टेकून उभा राहिला. खिशातून वॅफल काढून पुढे केलं.

"खातेस?"

"उडीच्या आधी? वेडा झालास का? आणि हे जळलंय."

"चीज आहे वर."

ती हसली. मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, आणि हसू तिच्या चेहऱ्यावरून हळूच निघून गेलं. तिनं मान वळवून खाली बघितलं. उतरण, काळे कोट, लाल फळी.

"तू इथे. मग तिथे कोण?"

"कुणी नाही."

"मग उतर लवकर. आता शिंग वाजेल."

"नाही उतरत."

"आस्लाक." तिनं एक हातमोजा चढवला, काढला, पुन्हा चढवला. "उगाच काहीतरी बोलू नकोस. आत्ता नको. घरी जाऊन बोलू. तो माणूस गेला की."

तो गेला की. म्हणजे इथेच राहायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. परवा ती भांडी घासताना गुणगुणली होती, आणि तरीही आज तिनं ठरवून टाकलं होतं. अजूनही वेळ गेली नव्हती. "सांभाळून" एवढंच म्हणायचं, तिचा मफलर नीट करायचा, आणि पायऱ्या उतरून फळीशेजारी जाऊन उभं राहायचं. ती येईल, उठेल, टेकेल. संध्याकाळी बेकरीत लोक पावाकडे बघतील. तो गोड घोट अजून छातीत होता, आणि त्याला तो हवा होता, आत्तासुद्धा, फार हवा होता.

खालून, टोकापाशी उभ्या शिंगवाल्यानं घसा साफ केल्याचा आवाज आला.

आस्लाकनं वाकून तिचा मफलर घट्ट केला.

"दाग्नी, तू माझ्यासाठी अलीकडे उतरतेस," तो म्हणाला. "दरवेळी. तुला माहीत आहे, खाली कॉफी पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि मलाही माहीत आहे."